जखडलेले सॅडल आणि फुगलेला मुलामा: एका गिटारच्या धातूकामाची दुरुस्ती

गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, म्हणजे फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारसारखी. सहा स्क्रूंवर टेकलेला ट्रेमोलो ब्रिज (तारा धरणारी, हलवून सूर वरखाली करता येणारी बैठक), त्यावर वाकवलेल्या पोलादी पत्र्याचे सहा सॅडल (एकेक तार टेकते ते छोटे आधार), तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारे भाग). शेवटचे वाजवून झाल्यावर तारा पुसल्या नाहीत, गिटारची पेटी, म्हणजे केस, बंद झाली आणि ती काही वर्षांनीच उघडली. तोवर तारा तांबूस झाल्या होत्या, सॅडलवर गंजाचे फोड आले होते आणि ब्रिजच्या प्लेटवर तळहात टेकतो नेमक्या त्या जागी मुलामा फुगून सुटला होता.

तक्रारी चार होत्या. तारांची उंची बदलता येत नव्हती, कारण उंचीचे स्क्रू हलत नव्हते. आर्म, म्हणजे ब्रिज हलवायची दांडी, दाबून सोडला की सूर मूळ जागी परतत नव्हता. दोन ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, जड फिरत होते. चौथी तक्रार सगळ्यात बोलकी होती: तारांना हात लावला की अ‍ॅम्प्लिफायरमधली गुणगुण कमी व्हायला हवी, ती होत नव्हती. याशिवाय मालकाची इच्छा होती की सगळे ‘नव्यासारखे चकाकले’ पाहिजे.

ती इच्छा यादीत शेवटी ठेवली. धातूकामाच्या दुरुस्तीत आधी हलणारे भाग मोकळे होतात, मग विजेचा संपर्क पूर्ववत होतो, आणि चमक मिळेल तेवढीच घ्यायची असते. हा क्रम उलटा केला की काय होते, त्याच्या खुणा याच गिटारवर होत्या. आधी कुणीतरी तीन प्रयोग केलेले दिसत होते. चुकीच्या मापाची अ‍ॅलन की घालून दोन स्क्रूंची षटकोनी खोबण गोल करून ठेवली होती. ब्रिजवर तेलाचा फवारा मारून तो तसाच सोडला होता, त्यात धूळ बसून तपकिरी चिकटा झाला होता. आणि प्लेट स्टील वूलने घासली होती. त्याचे बारीक तंतू पिकअपच्या चुंबकी पोलांवर दाढीसारखे उभे होते.

उघडण्याआधीची मोजमापे

तारा चढलेल्या असतानाच मल्टिमीटरने जॅकच्या बाहेरच्या दांडीपासून, म्हणजे अर्थच्या (अर्थिंगच्या) टोकापासून, एकेक जागा तपासली. मागच्या पोकळीतल्या क्लॉपर्यंत, म्हणजे ट्रेमोलोच्या स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीपर्यंत, रोध जवळजवळ शून्य, म्हणजे अर्थची वायर आणि तिचा टाका ठीक. ट्रेमोलोच्या ब्लॉकवर, म्हणजे ब्रिजखालच्या ठोकळ्यावर, आकडा उड्या मारत होता. सॅडलवर कुठे काही ओहम, कुठे काही शे, आणि पहिल्या तारेच्या सॅडलवर तर संपर्कच नाही. वायर तुटलेली नव्हती. क्लॉपासून तारेपर्यंतचा प्रत्येक सांधा, म्हणजे क्लॉ आणि स्प्रिंग, स्प्रिंग आणि ब्लॉक, प्लेट आणि स्क्रू, स्क्रू आणि सॅडल, गंजाच्या थरावर टेकला होता. लोखंडाचा गंज वीज नीट वाहू देत नाही. ही तपासणी आधी केली नाही तर माणूस नवी वायर टाकतो, टाका पुन्हा मारतो आणि गुणगुण तशीच राहते.

मग व्हर्नियरने सहाही सॅडलचे प्लेटच्या मागच्या काठापासूनचे अंतर, प्रत्येक सॅडलची दोन्ही बाजूंची उंची आणि कोणता स्क्रू किती लांब आहे ते टिपले. उंचीचे स्क्रू सगळे सारखे नसतात. कडेच्या तारांना आखूड आणि मधल्यांना लांब असतात, कारण फिंगरबोर्डला, म्हणजे बोटांनी तारा दाबायच्या पट्टीला, गोलाई असते. ते मिसळले की आखूड स्क्रूंवर मधल्या तारा पुरेशा उचलत नाहीत आणि लांब स्क्रू कडेला वर येऊन तळहाताला टोचतात.

कोणता भाग कशाचा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि नंतरचे सगळे नुकसान इथूनच होते. साधन एवढेच: एक छोटे चुंबक, पांढरा कागद आणि भिंग. चुंबक घट्ट चिकटले तर आत पोलाद. हलके ओढले किंवा ओढलेच नाही तर पितळ, जस्ताचे ओतकाम किंवा अ‍ॅल्युमिनियम. निकेल स्वतःही थोडे चुंबकीय असते, त्यामुळे पितळावरच्या निकेलच्या थरालाही बारीक ओढ जाणवू शकते. त्याला फसू नये. रंग पाहायचा तर भाग पांढऱ्या कागदावर ठेवावा. क्रोमला निळसर झाक असते, निकेलला किंचित पिवळसर. जुने निकेल धुरकट होते, क्रोम होत नाही.

या गिटारवर सॅडल, प्लेट आणि ब्रिजचे स्क्रू निकेल चढवलेल्या पोलादाचे निघाले. ट्यूनर आणि जॅकची होडीच्या आकाराची पट्टी क्रोमची. ट्रेमोलोचा ब्लॉक चुंबकाला दाद देत नव्हता आणि त्याच्या कोपऱ्यांवर पांढरी भुकटी होती, म्हणजे जस्ताचे मिश्रधातू. स्प्रिंगा पोलादी तारेच्या.

ही यादी महत्त्वाची अशासाठी की एकाचे औषध दुसऱ्याचे विष आहे. पोलादावरचा गंज उतरवणारे व्हिनेगर जस्ताचे ओतकाम खाऊन टाकते. पितळाला चमक आणणाऱ्या अमोनियायुक्त पॉलिशने पितळाला भेगा जाऊ शकतात. सोन्याचा मुलामा असलेल्या भागांवर तर कोणतेही पॉलिश नको. तो थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, एकदोनदा घासले की खालचे निकेल वर येते. तिथे कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ कापड, बस्स.

फोड मुलाम्याखालून का येतात

जस्त चढवलेल्या खिळ्यावर ओरखडा पडला तर आधी जस्त झिजते आणि लोखंड काही काळ वाचते. निकेलचे उलट आहे. निकेल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे, थराला सुईएवढे छिद्र पडले आणि त्यात घामातले मीठ आणि ओलावा शिरला की त्या छिद्राच्या तळाशी उघडे पडलेले लोखंडच खाल्ले जाते. शिवाय छोट्याशा लोखंडी ठिपक्याभोवती निकेलचा मोठा पृष्ठभाग असल्यामुळे त्या ठिपक्यावरची झीज वेगाने होते. गंज धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून वरचा मुलामा फुगतो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. फोड घासून गंज जात नाही. फोडाचे छप्पर तेवढे उडते आणि छिद्र मोठे होते. सजावटीच्या क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो आणि खरी ओल अडवतो तो त्याखालचा निकेलचा थर. म्हणून क्रोमवर तांबूस ठिपका दिसला की निकेललाही छिद्र पडलेले आहे असे धरून चालावे. गेलेला मुलामा कोणत्याही डबीतून परत येत नाही. तो हवाच असेल तर भाग कारखान्यात पाठवून जुना थर उतरवावा लागतो आणि नव्याने चढवावा लागतो. साध्या सॅडलसाठी कुणी ते करत नाही.

उतरवणे

पिकअपवर आधी मास्किंग टेप. स्टील वूलचे तंतू काढायला चिकट टेप आणि पोस्टर चिकटवायची मऊ पुट्टी वापरली; फुंकर मारून किंवा ब्रशने ते निघत नाहीत, फक्त एका पोलावरून दुसऱ्यावर जातात. हे तंतू कॉइलपर्यंत पोचले तर घोटाळा होतो, कारण कॉइलची तार केसापेक्षा फारशी जाड नसते. गिटारवर असलेल्या कोणत्याही भागाला स्टील वूल लावू नये. ब्राँझ वूल किंवा नायलॉनचा घासणीचा तुकडा चुंबकाला चिकटत नाही.

तारा सगळ्या एकाच वेळी न कापता आळीपाळीने सैल केल्या. तरंगत्या ट्रेमोलोत तारांचा ताण गेला की स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात, म्हणून ब्लॉकच्या मानेकडच्या बाजूला लाकडाचा तुकडा बसवला. स्प्रिंगा पक्कडीने ब्लॉकच्या बाजूने सोडवल्या, वर फडके टाकून आणि डोळ्यांवर चश्मा ठेवून. सुटलेली स्प्रिंग पोकळीतून थेट तोंडाकडे येते.

प्लेटचे सहा लाकडी स्क्रू काढण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचे टोक वीस-तीस सेकंद टेकवले. उष्णतेने गंजाची पकड आणि लाकडातल्या फिनिशची (रंग-वार्निशच्या थराची) चिकटण दोन्ही ढिली होतात. असे न करता जोर लावला तर गंजलेला स्क्रू आत तुटतो आणि मग पोकळ ड्रिलने लाकूड कोरून तो काढणे, डाट बसवणे, नवे भोक पाडणे असे लांबलचक काम मागे लागते. टोक टेकवताना ते फक्त स्क्रूवर राहील हे पाहावे. पिकगार्डचे प्लास्टिक आणि गिटारचे फिनिश लगेच खराब होते.

बारा स्क्रूंची गोष्ट

या प्रकरणातले खरे काम सॅडलमधल्या उंचीच्या बारा स्क्रूंचे होते. हे बिनडोक्याचे स्क्रू असतात, वरच्या टोकाला छोटी षटकोनी खोबण. इंची मापाच्या ब्रिजवर आटे ४-४० आणि की ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमी. मेट्रिक ब्रिजवर आटे ३ मिमी आणि की १.५ मिमीची. या गिटारवर मेट्रिक होते आणि आधीच्या माणसाने १.२७ची की घातली होती. ती आत जाते, थोडी फिरते, पकड मिळाल्यासारखी वाटते आणि जोर लावला की सहाही कोपरे गोल करून मोकळी होते. की बसल्यावर ती हाताने हलवून पाहावी. डुगडुगली तर माप चुकले आहे. आणि झिजलेली की वापरूच नये. टोकाचा एक मिलिमीटर कानशीने सपाट घासून टाकला की पुन्हा धारदार कोपरे मिळतात.

पहिला टप्पा साफसफाईचा. खोबणीत गंज आणि जुन्या तेलाचा चिकटा भरला असेल तर की तळापर्यंत जातच नाही. सुईने खोबण उकरली, नॅफ्थाचा थेंब टाकला, पुन्हा उकरले. नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते द्रव, पॉलियुरेथेन आणि नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) दोन्ही फिनिशना सहसा धक्का लावत नाही. अ‍ॅसिटोन मात्र नायट्रो आणि प्लास्टिक दोन्ही विरघळवते. ते वापरायचे तर भाग गिटारपासून सुटा करून, वेगळ्या टेबलावर.

दुसरा टप्पा भेदक तेलाचा. प्रत्येक स्क्रूच्या वर आणि सॅडलच्या खालच्या बाजूला आट्यांवर टूथपिकने एकेक थेंब, आणि चोवीस तास थांबणे. मधे दोनदा पुन्हा थेंब. ओलावा हटवणारे साधे फवारे या कामाला कमी पडतात. जखडलेल्या आट्यांसाठी वेगळे भेदक तेल येते, किंवा अ‍ॅसिटोन आणि मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल समप्रमाणात हलवून वापरतात. सिलिकॉन असलेले फवारे टाळावेत, कारण ते लाकडात मुरले की पुढे कधी फिनिश द्यायची वेळ आली तर रंग तिथे धरत नाही.

फिरवताना पहिला हिसका घट्ट करण्याच्या दिशेने द्यावा, अगदी एक अष्टमांश फेरा. त्याने गंजाची कड तुटते. मग अर्धा फेरा सोडणे, पाव फेरा परत, असे पुढे-मागे. सरळ एकाच दिशेने सोडत गेले की निघालेली गंजाची पूड आट्यांत दाबली जाते आणि स्क्रू मधेच दुसऱ्यांदा जखडतो. दुसऱ्यांदा जखडलेला स्क्रू पहिल्यापेक्षा हट्टी असतो. बारांपैकी सात या पद्धतीने निघाले.

पुढच्या तिघांना उष्णता लागली. सॅडल गिटारपासून पूर्ण सुटा करून पकडीत धरला, सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर ठेवून टोक स्क्रूवर मिनिटभर टेकवले, मग थंड होऊ दिले. तापलेला स्क्रू फुगतो आणि थंड होताना आकसतो. गंजाचा थर त्या हालचालीत तडकतो. दुसऱ्या फेरीत गरम स्क्रूला मेणबत्तीचे मेण लावले, ते वितळून आट्यांत ओढले गेले. तिघेही चौथ्या फेरीच्या आत सुटले. इथे उघडी ज्योत वापरण्याचा मोह होतो, पण एवढ्या छोट्या पत्र्यावर ज्योत मारली की मुलामा काळवंडून सुटतो आणि सॅडलही वाकू शकतो. भेदक तेल लावल्यावर लगेच तापवू नये. आधी पुसावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

राहिले दोन, खोबण गोल झालेले. वाकवलेल्या पत्र्याच्या सॅडलची एक सोय अशी की स्क्रू आरपार जातो आणि त्याचे टोक खाली बाहेर असते. स्क्रूला डोके नसल्यामुळे तो खालूनही काढता येतो. सॅडल उलटा धरून बाहेर आलेले आटे पितळी ब्रशने स्वच्छ केले, लॉकिंग पक्कडीने टोक गच्च धरले आणि खालून बघताना नेहमीच्या सोडण्याच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवले. स्क्रू खालून बाहेर आला. पक्कडीने आटे चेचले जातात, पण तो स्क्रू टाकायचाच असतो. चेचलेले आटे सॅडलमधून परत जाऊ देऊ नयेत, एवढीच काळजी.

दुसऱ्याचे टोक पक्कडीला पुरेल इतके बाहेर नव्हते. त्याच्या गोल खोबणीत चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स बिट बसवला. १.५ मिमीच्या खोबणीला टी-६ किंवा टी-७, जो हाताने जात नाही पण छोट्या हातोडीच्या दोन टोल्यांनी बसतो तो. सॅडलच्या खाली पोलादी ठोकळा ठेवूनच टोला मारावा, नाहीतर पत्रा दबतो. बिटचे कोपरे खोबणीच्या भिंतीत रुतले आणि उष्णतेच्या एका फेरीनंतर स्क्रू फिरला. हेही जमले नसते तर डावा ड्रिल, म्हणजे उलट्या दिशेने कापणारा, दोन मिमीचा. कापता कापता तोच बऱ्याचदा स्क्रू बाहेर ओढतो.

सगळी भोके ३ × ०.५ मिमीच्या टॅपने हाताने साफ केली, तेल लावून. इथे ४-४० आणि ३ मिमी यांची गल्लत घातक ठरते. ४-४०ची जाडी सुमारे २.८४ मिमी आणि आट्यांमधले अंतर ०.६३५ मिमी असते. तो ३ मिमीच्या भोकात दोन-तीन आटे जातो आणि मग अडकतो किंवा डुगडुगतो.

गंज उतरवणे

सॅडल, प्लेट आणि ब्रिजचे स्क्रू यांसाठी केलेट प्रकारचे गंजनिवारक द्रव वापरले. ते साधारण उदासीन असते, लोखंडाच्या गंजाला धरून विरघळवते आणि शुद्ध धातूला जवळजवळ हात लावत नाही. भाग आधी नॅफ्थाने तेलमुक्त करावे लागतात. तेलाचा डाग राहिला तर तिथे द्रव पोचत नाही आणि गंजाचे ठिपके राहतात. काचेच्या बरणीत भाग पूर्ण बुडतील इतके द्रव, खोलीचे तापमान वीस अंशांच्या वर, आणि दर तासाला काढून पाहणे. सॅडलना चार तास लागले, प्लेटला सहा. रात्रभर विसरले तर सुट्या झालेल्या मुलाम्याच्या कडा आणखी उचलल्या जातात.

व्हिनेगर किंवा ५ टक्के सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम, यांनीही गंज जातो, तेही लवकर. पण आम्ल मुलाम्याच्या छिद्रांतून आत शिरून पोलादही खाते, आणि नीट धुतले गेले नाही तर आठवड्याभरात नवा गंज दाखवते. वापरायचेच तर मुलामा नसलेल्या साध्या स्क्रूंवर, एक-दोन तास, आणि नंतर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून त्यात बुडवणे.

स्प्रिंगा कोणत्याच द्रवात टाकल्या नाहीत. आम्लात बुडवलेल्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होते. शिवाय ज्या स्प्रिंगच्या तारेला गंजाने खड्डे पाडले आहेत ती नेमकी त्या खड्ड्यापाशी तुटते. तीन नव्या स्प्रिंगा लावल्या. उंचीचे बाराही स्क्रू आणि सॅडलमागच्या सहा छोट्या स्प्रिंगा नव्या घेतल्या. जुना स्क्रू वाचवण्यात काही मोठेपणा नाही.

बरणीतून काढल्यावरची पाच मिनिटे नाजूक. उघडे पडलेले पोलाद ओलसर राहिले तर डोळ्यांदेखत पिवळसर थर धरते. गरम पाण्याने धुणे, लगेच कापडाने टिपणे, हेअर ड्रायरने कोरडे करणे आणि गरम असतानाच ओलावा हटवणारा फवारा. जखडलेल्या आट्यांना कमी पडणारा फवारा इथे मात्र अगदी चपखल बसतो. त्याचे तेल नंतर पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर दिला. हेच मेण संग्रहालयांतल्या धातूच्या वस्तूंवर वापरतात. सॅडलच्या आत आणि स्क्रूंच्या टोकांवर मेण लावायचे नाही, कारण तिथून विजेचा संपर्क हवा आहे.

गंज गेल्यावर प्लेटवर दिसले ते असे: तळहाताच्या जागी नाण्याएवढा मुलामा गायब, खाली करड्या रंगाचे खड्डे. फुगवटा गेला, पण चमक आली नाही, आणि तीच अपेक्षा होती. निकेल शिल्लक होते तिथे सौम्य धातूपॉलिश कापडाच्या टोकावर घेऊन दहा-बारा फेऱ्या, त्यापुढे नाही.

ब्लॉक जस्ताचा असल्यामुळे बरणीत गेला नाही. पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने आणि नॅफ्थाने काढली. आर्मच्या भोकातला गंज आर्मवरून आलेला होता. तो तेल लावलेल्या पाइप क्लीनरने ओढून काढला. मग आर्म घालून पाहिला. आर्मचे आटे इंची १०-३२ किंवा मेट्रिक ५ वा ६ मिमीचे असतात. चुकीचा आर्म जोराने पिळला की मऊ जस्तातले आटे कायमचे जातात.

ट्यूनर, पट्टी, पिकअप

क्रोमच्या पट्टीवरचे तांबूस ठिपके अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासले. क्रोम फॉइलपेक्षा खूप कठीण असल्याने ओरखडा उठत नाही. हाच उपाय निकेलवर केला तर बारीक रेघा उमटतात, म्हणून आधी रंग ओळखायचा.

जड झालेले दोन ट्यूनर पत्र्याच्या झाकणाचे, झाकणाला तेलाचे भोक असलेले होते. दोष गंजात नव्हता, वाळलेल्या ग्रीसमध्ये होता. भोकातून नॅफ्थाचे दोन-तीन थेंब, बटण पन्नासेक फेरे फिरवणे, खाली आलेला काळा रस कापडावर टिपणे. रस स्वच्छ येईपर्यंत हेच. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. हेडस्टॉकमधल्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या भागातल्या, दाबून बसवलेल्या रिंगा उपसल्या नाहीत, कारण फिनिश त्यांच्या कडेला चिकटलेले असते आणि रिंग ओढली की टवका उडतो. सीलबंद ओतीव ट्यूनर असते तर ते उघडायचे नसतातच.

पिकअपच्या पोलांवर थोडा गंज होता. त्यावर कोणतेही द्रव नाही, तेल तर मुळीच नाही. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये कॉइल थेट चुंबकांभोवती गुंडाळलेली असते आणि द्रव खाली झिरपले की तारेचे इनॅमल खराब होते. ब्राँझ वूलने नुसते माथे पुसले आणि बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला.

पट्ट्याच्या बटणांखालचे फेल्टचे वॉशर काढून टाकले. फेल्ट घाम धरून ठेवते आणि बटणाचा स्क्रू आतून गंजवते. स्क्रूला लाकडात शिरताना मेण लावावे, साबण नव्हे; साबण हवेतला ओलावा ओढतो.

जोडणी

सॅडलवर तार टेकते त्या जागी खड्डा असेल तर नवी तारही तिथेच तुटते. ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा पाण्यातला पॉलिश पेपर गुंडाळून, तारेच्या दिशेनेच, प्रत्येकी थोडासा फिरवला. उद्देश कड मोडणे एवढाच. खाच खोल केली तर तार घरघरते.

ब्रिजचे सहा स्क्रू लाकडात घालताना आधी उलटे फिरवून ‘टक’ असा जुना आटा लागला की मगच सुलटे, नाहीतर लाकडात दुसरा आटा पडतो आणि पकड जाते. स्क्रू प्लेटला दाबून बसवायचे नाहीत. प्लेट किंचित उचलू लागली की पाव फेरा मागे. सूर परतत नसल्याच्या तक्रारीचे मुख्य कारण हेच होते: मधले दोन स्क्रू घट्ट आवळलेले, आणि भोकांच्या धारदार कडांवर गंज.

१०-४६च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा चढवल्या. क्लॉचे स्क्रू फिरवून प्लेटच्या मागच्या कडेखाली तीन मिमी फट ठेवली, आणि सतराव्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) कडेच्या तारांची उंची १.६ मिमी. मधल्या चार तारा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे. मग इंटोनेशन, म्हणजे दाबलेले स्वर सुरात आणणे: बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर, दाबलेला चढा निघाला तर सॅडल मागे, उतरता निघाला तर पुढे. आधी टिपलेली अंतरे इथे कामी आली. सहापैकी चार सॅडलना अर्धा फेराही लागला नाही.

मल्टिमीटर पुन्हा लावला. सहाही तारांपासून जॅकच्या अर्थपर्यंत एक ओहमपेक्षा कमी, आणि आर्म हलवतानाही आकडा स्थिर. गुणगुण गेली. ट्यूनर सारखे फिरत होते.

उरलेली एक अडचण तिसऱ्या तारेच्या सॅडलची. त्याच्या बाजूच्या भिंतीला पत्र्याच्या अर्ध्या जाडीपर्यंत खड्डे आहेत आणि तिथे दमट हवेत पुन्हा तांबूस छटा येईल. केसमध्ये सिलिका जेलची पिशवी ठेवली, वाजवून झाल्यावर सॅडल कोरड्या कापडाने पुसायला सांगितले आणि दर तार बदलताना त्या जागी मेणाचा हात. सॅडल बदलायचा झाल्यास पहिल्या आणि सहाव्या तारेतले अंतर आधी मोजावे आणि पाचाने भागावे. ५२.५ मिमी असेल तर सॅडल १०.५ मिमी रुंदीचा, ५४ असेल तर १०.८, ५६ असेल तर ११.२. रुंद सॅडल अरुंद प्लेटवर आणला तर सहाही एकमेकांना घासून तिरपे होतात, अरुंद सॅडल रुंद प्लेटवर डुलतो आणि उंचीचे स्क्रू वाजवता वाजवता सैल होत जातात.